नव्या गिटारीची साथ

१

पूर्णिमा डंभारे रोज सकाळी पावणेसातला आरशासमोर उभी राहायची, पेलाभर पाण्यात नळी घालायची आणि बुडबुडे काढायची. हसू नका. गळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला डॉक्टरांनी दिलेला तो व्यायाम होता. पाच मिनिटं बुडबुडे, मग पाच मिनिटं नुसता आकार, तोही डोळे उघडे ठेवून, आरशात स्वतःच्या मानेकडे बघत. शिर ताणली गेली की थांबायचं. मग डबा, मग खराडीची कंपनी. तिथे दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी चंदननगरच्या खोलीवर परत. बाई मूळच्या वर्ध्याच्या. पुण्यात सहा वर्षं काढली तरी तोंडातून 'करून राहिले' निघायचंच, आणि ते निघालं की समोरचा पुणेकर दाताखाली खडा आल्यासारखा बघायचा.

दोन हजार तेरा सालची ही गोष्ट. पूर्णिमा स्वतःची गाणी स्वतः लिहायची आणि गिटार घेऊन एकटीनेच म्हणायची. मागे तबला नाही, पेटी नाही, कोरस नाही. लोक ऐकायचे, बरं का! मग गळ्यात गाठ आली. गाठ काढली, साधी निघाली, जीव वाचला, आईने केळझरच्या गणपतीला नारळ फोडला. सगळं देवाच्या कृपेने झालं, फक्त वरचा सा गेला. त्या स्वराशी पोचली की आवाज टर्रकन फाटायचा. वर्षभरात आला तर येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आता चौदा महिने होऊन गेले होते.

तिचं सगळ्यात लाडकं गाणं नेमकं त्याच स्वरावर जायचं. 'आवाज येतोय का' असं त्याचं नाव. कंपनीतला प्रत्येक फोन याच वाक्याने सुरू होतो, आणि वर्ध्याहून आईचा येतो तोही. त्या 'येतोय'वर गाणं उंच चढायचं आणि तिथेच हिचं घोडं अडायचं.

एरंडवण्यात बद्रीनाथ आपटे नावाचे एक गृहस्थ चहाघर चालवत. वय सत्तर. भिंतीवर पाटी: 'गाणं चालू असताना चमचा ढवळू नये. साखर आधीच विरघळवली आहे.' पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाला ते सरसकट 'तू' म्हणायचे. "अहोजाहो करायला मी काय तुझा जावई आहे?" असं त्यांनी एकदा बँकेच्या मॅनेजरला सुनावलेलं होतं. त्या बद्रीकाकांनी पूर्णिमाला चार रविवारांनंतरची संध्याकाळ दिली. पाच ते सहा, पूर्ण तासभर, एकटीचा कार्यक्रम.

तिने मनाशी पक्कं केलं. त्या दिवशी 'येतोय' वर गेलं तर गेलं. नाही गेलं तर गाणं कायमचं बंद. किती दिवस माणसाने फाटलेलं पांघरत बसायचं?

पण त्यासाठी धड गिटार हवी. कॉलेजातल्या जुन्या गिटारीची मान वाकली होती, तारा एवढ्या वर उचलल्या गेल्या होत्या की दाबताना बोटं सोलून निघायची. आईला फोनवर सांगितलं तर ती फिदीफिदी हसली.

"नाचता येईना अंगण वाकडं! घे बाप्पा नवी. पण नवीनच घेजो वं. कोणाची वापरलेली आणू नको. कोणाचं काय राहून गेलं असते त्याच्यात."

२

कॅम्पातल्या एका बोळात अय्युबभाईंचं वाद्यांचं दुकान होतं. आजोबांपासूनचं. आजोबा सतारी दुरुस्त करायचे, वडील हार्मोनियम, आणि नव्वदनंतर देशाची दारं उघडली तशी गिटारींची खोकी येऊ लागली म्हणून हे गिटारवाले झाले. निवड करून देण्याची त्यांची एक रीत होती. तुम्ही गिटार मांडीवर घ्यायची आणि गायचं. ते स्वतः मागच्या खोलीत, पडद्याआड जाऊन बसायचे.

"बघितलं की फसायला होतं, ताई," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाचा जीव रंगावर जातो, माझा किमतीवर. म्हणून मी बघतच नाही. तुम्ही म्हणा, मी ऐकतो. एकट्याने गायचंय ना? मग गिटारीने मोठं व्हायचं नाही. गाणाऱ्याला जागा सोडायची."

पहिली गिटार मोठ्या पोटाची होती. आवाज असा दणदणीत की पूर्णिमा त्याच्यामागे दिसेनाशी व्हावी. 'येतोय'वर तिचा आवाज फाटला. पडद्यामागून अय्युबभाई म्हणाले, "ही बँडवाल्यांची. ठेवून द्या."

दुसरी अंगाने बारीक, गडद तपकिरी लाकडाची, मऊ बोलणारी. तारा बोटाखाली लोण्यासारख्या. पूर्णिमाला ती फार आवडली. 'येतोय'वर आवाज पुन्हा फाटला. पडद्यामागून नुसतं "हं."

तिसरी अजून खोक्यातच होती. चिकटपट्टी पूर्णिमानेच कापली. पांढुरक्या लाकडाची, मध्यम अंगाची, वर प्लास्टिकचा पापुद्रा तसाच. नव्या सरसाचा आणि रंधा मारलेल्या लाकडाचा वास. तारा तिनेच सुरात लावल्या. म्हणजे त्या गिटारीला कारखान्याबाहेरच्या माणसाचं लागलेलं पहिलं बोट पूर्णिमाचं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिनेही हे शंभरदा स्वतःला बजावलं.

ती गायली. गाणं चढत गेलं. 'आवाज येतोय का', आणि नेहमीच्या जागी तिने पोट घट्ट धरलं, आता फाटणार. फाटला नाही. स्वर वर गेला, थोडा थांबला, आणि अलगद खाली उतरला.

पूर्णिमा तशीच बसून राहिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही सुचेना. चौदा महिने, हो!

अय्युबभाई पडदा सारून बाहेर आले. चष्मा वर केला, दुकानभर एकदा नजर फिरवली, दाराकडेही बघितलं.

"हीच घ्या," ते म्हणाले. "दोन्ही आवाज छान मिसळतात."

दोन्ही म्हणजे गळ्याचा आणि गिटारीचा. दुसरं काय असणार? पूर्णिमाने त्यांना तीनदा धन्यवाद दिले आणि गिटार पाठीला लावून बस पकडली.

३

पुढचे दहा दिवस सणासारखे गेले. संध्याकाळी साडेसहाला खोलीवर यायचं, हातपाय धुवायचे, पलंगाच्या कडेला बसायचं आणि गायचं. एकदाही फाटला नाही. पूर्णिमा त्या गिटारीला रुमालाने पुसायची, निजताना तिच्यावर ओढणी घालायची, आणि कुणी बघत नाही असं बघून हळूच म्हणायची, "थँक्यू गं."

एक बारीकशी गोष्ट मात्र खटकली. गाण्याआधी आपण श्वास घेतो ना, तो. कडव्यानंतर गिटार नुसती वाजायची, मग पुढची ओळ यायची. त्या ओळीआधी पूर्णिमा श्वास घेणार, त्याच्या किंचित अगोदर खोलीत श्वास घेतल्याचा आवाज व्हायचा. अगदी छोटा. पहिल्यांदा तिला वाटलं पंखा आहे. पंखा बंद केला. मग वाटलं शेजारच्या खोलीतली मुलगी. ती गावाला गेलेली होती. मग वाटलं, आपलाच असेल, दुसऱ्या कुणाचा असणार?

पण पोटापाण्याचा धंदाच चुका शोधण्याचा. चूक दिसली की घाबरायचं नाही, पुन्हा घडवून आणायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. तिने वही काढली.

गिटारीशिवाय गायली: आवाज फाटला. गिटार पिशवीत, चेन बंद: फाटला. जुनी गिटार: फाटला. नवी गिटार मांडीवर घेऊन वाजवत: नाही फाटला. नवी गिटार मांडीवर, पण न वाजवता, दोन्ही हात बाजूला ठेवून: नाही फाटला.

या शेवटच्या ओळीवर तिचं पेन थांबलं. न वाजवता गिटार काय करणार? लाकूड घुमतं, त्याने कानाला आधार मिळतो, आधार मिळाला की गळा सैल पडतो, असं काहीतरी तिने स्वतःला समजावलं. शास्त्रीय वाटतं ना? तिलाही वाटलं. मोबाईलवर गाणं ध्वनिमुद्रित करून पडद्याकडे बघत ऐकलं, तर एकच आवाज, स्वच्छ. जीव भांड्यात पडला.

आणि समजा असलंच काही, तर काय बिघडलं? आवाज परत आला होता. देणाऱ्याचे हात बघत बसायचं नसतं, असं म्हणून तिने वही मिटली.

४

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी दुपारी चारला बद्रीकाकांकडे तालीम होती. चहाघर रिकामं. खुर्च्या भिंतीशी रचलेल्या, फरशी नुकतीच पुसलेली. काका आत ओट्यापाशी चहा उकळत होते. त्यांनी आतूनच ओरडून सांगितलं, "चालू कर! मी ऐकतोय."

पूर्णिमाने दोन गाणी म्हटली, तिसरं 'आवाज येतोय का'. शेवटचा स्वर संपला तरी आतून चमच्याचाही आवाज नाही. मग काका वाफेने धुरकटलेला चष्मा काढून पुसत दारात आले.

"काय गायलात हो तुम्ही!" ते म्हणाले. "बसा, बसा. चहा आणतो."

पूर्णिमाला हसावं की रडावं कळेना. बँकेच्या मॅनेजरला न मिळालेला 'तुम्ही' तिला मिळाला होता! पुण्यात सत्तर वर्षांच्या माणसाने पोरीबाळीला 'तुम्ही' म्हणणं म्हणजे पद्मश्रीच की. एवढं मात्र वाटलं, की आता काका पूर्वीसारखे टोमणे मारणार नाहीत, परके होतील. तिने म्हटलंही, "काका, अहो, मला तू म्हणा ना."

"तुला तूच म्हणतोय," काका म्हणाले आणि आत गेले.

पूर्णिमा विचारात पडली. तेवढ्यात ते ट्रे घेऊन आले. दोन कप. त्यांनी दोन्ही कप तिच्यासमोर ठेवले. स्वतः काका चार वाजता चहा घेत नसत, हे तिला ठाऊक होतं.

"दुसरा कुणाला?"

 काका भिंतीवरच्या काळ्या फळ्याकडे गेले होते. पुढच्या रविवारचा कार्यक्रम त्यांनी खडूने लिहून ठेवला होता. त्यांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. 'रविवारी सायं. ५ वा. स्वरचित गीते. पूर्णिमा डंभारे आणि'. त्यापुढे जागा मोकळी होती.

"नाव सांग यांचं," काका खडू हातात धरून म्हणाले. "तुझं लिहिलंय, यांचं राहिलंय. आधी सांगायला काय झालं होतं? एकटीचा कार्यक्रम म्हणून मी चार लोकांना सांगून बसलोय."

आता आपल्या मराठीची ही जुनी खोड बघा. 'तुम्ही' म्हणजे एक मोठं माणूस की दोन साधी माणसं, हे त्या शब्दावरून कधीच कळत नाही. ऐकणाऱ्याने आपलं आपण समजून घ्यायचं. पूर्णिमाने मान समजला होता. काका मोजत होते.

"कोणाचं नाव, काका?" तिचा आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही.

काकांनी आता कुठे चष्मा चढवून खोलीत पाहिलं. रचलेल्या खुर्च्या, ओली फरशी, बाकावर पूर्णिमा आणि तिच्या मांडीवर गिटार. त्यांनी दाराकडे बघितलं. दाराला आतून कडी होती, त्यांनीच घातलेली. फरशीवर पूर्णिमाच्या पावलांचे ठसे वाळत आले होते. दुसरे कुठलेच नव्हते.

"मी आत होतो," ते सावकाश म्हणाले. "चहा गाळत होतो. डोळ्यांनी नाही बघितलं. कानांनी दोघी ऐकल्या." मग स्वतःशीच चिडल्यासारखे म्हणाले, "म्हातारा झालो. कान वाजतात. घे, दोन्ही कप तूच पी."

ओल्या फडक्याने त्यांनी 'आणि' पुसला. पूर्णिमाने एक कप कसाबसा संपवला. दुसऱ्याला कुणी हात लावला नाही.

५

खोलीवर आल्यावर तिने आईला फोन लावला, मोबाईल उशीवर ठेवला आणि म्हणाली, "आई, काही विचारू नको, नुसतं ऐक." गाणं म्हटलं. संपल्यावर आई म्हणाली, "बाप्पा, किती गोड गाऊन राहिल्या! दुसरी कोण होय वं? तुझ्यासंग राहते काय?"

"हो," पूर्णिमा म्हणाली. दुसरं काय सांगणार होती?

मग तिच्या लक्षात आलं. अय्युबभाई पडद्याआड, काका ओट्यापाशी, आई वर्ध्याला. जे बघत नव्हते त्यांनी ऐकलं. ती स्वतः मात्र चौदा महिने डोळे उघडे ठेवूनच गात आली होती. डोळे मिटून गाऊन बघणं, एवढी एकच परीक्षा राहिली होती. वहीत तिने तसं लिहिलंही. पण ती परीक्षा काही तिच्याने होईना. पलंगाच्या कडेला बसून तिने दोनदा पापण्या मिटल्या आणि दोनदा, गाणं सुरू व्हायच्या आत, उघडल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा काढून तिने गिटार कॅम्पात नेली.

 अय्युबभाईंनी गिटार टेबलावर आडवी केली, गोल भोकातून छोटा दिवा आत सोडला, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा घातला आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. "आत काही नाही. पट्ट्या घट्ट आहेत. सरस ताजा." मग वाद्यवाले करतात तसं त्यांनी लाकडावर बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. कुठे सुटलं असेल तर आवाज बदलतो. टक. टक.

टक.

त्यांचा हात हवेतच होता. तो त्यांनी हळूच मागे घेतला.

"नवं लाकूड बोलतं," ते म्हणाले, पण पूर्णिमाकडे न बघता. मग खुर्ची ओढून बसले. "ताई, खरं सांगतो. त्या दिवशी मला वाटलं तुमच्याबरोबर कुणी आहे. पडदा सारला तर तुम्ही एकट्याच रडताय. मी म्हटलं, गेली असेल बाहेर. विचारायला हवं होतं, चुकलं माझं. जुन्या वाद्यातलं पुष्कळ ऐकलंय आमच्या घरात, पण हे तर खोक्यातून तुमच्या हातांनी निघालं. याला कुणाचा हातच लागलेला नाही." त्यांनी तपकिरी गिटार खाली काढली. "ही न्या. बदलून देतो, आत्ताच्या आत्ता."

पूर्णिमाने तपकिरी गिटार घेतली. खरंच देखणी होती. गायली. 'येतोय'वर आवाज फाटला, चौदा महिने फाटत होता तसाच, त्याच ठिकाणी.

 बाहेर एक रिक्षा सुरू होत नव्हती.

पूर्णिमाला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण भीतीच्या शेजारी दुसरंही काही होतं. ऑपरेशननंतर सगळ्यांनी तिला समजावलं होतं. डॉक्टरांनी, आईने, ऑफिसातल्या बायांनी. 'जीव वाचला ना, गाण्याचं काय एवढं?' खऱ्या अर्थाने पडत्या क्षणी हात दिला तो या कुणीतरी. मागून, न सांगता, आपलं नाव पुढे न करता. स्वर फाटायच्या नेमक्या जागी येऊन उभं राहिलं. आणि अशा कुणाला खोक्यात घालून फळीवर परत ठेवायचं? कसल्या तोंडाने?

"हीच राहू द्या, भाई," ती म्हणाली आणि पांढुरकी गिटार पाठीला लावली.

अय्युबभाईंनी दार उघडून धरलं. पूर्णिमा पायरी उतरली, दहा पावलं चालली, मागे वळून बघितलं. ते अजूनही दार धरून उभे होते, अदबीने जरासे बाजूला सरकून, आणि मग त्यांनी ते लावलं.

६

रविवार आला. पाच वाजता चहाघर भरलं. चाळीसेक माणसं, पश्चिमेच्या खिडकीतून पिवळं ऊन, विरघळवलेल्या साखरेचा चहा. काका कुठल्याही गिऱ्हाइकाशी धड बोलत नव्हते, म्हणजे ते खुशीत होते. पूर्णिमाने बसायला स्टूल मागितलं होतं. काकांनी तिथे बाकडं ठेवलं. 

एकेक गाणं होत गेलं.  लोक हसायच्या जागी हसले, गप्प व्हायच्या जागी गप्प झाले. माणसांनी भरलेल्या खोलीत एकटीने बसून आपले शब्द म्हणायचे आणि ते समोरच्याला पोचताना दिसायचे, यापेक्षा मोठं सुख पूर्णिमाला माहीत नव्हतं. तिला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

शेवटी 'आवाज येतोय का'. कडवं झालं. गिटार एकटी वाजू लागली. पुढची ओळ तीच, चढणारी. कानाजवळ, डाव्या बाजूला, तो छोटा श्वास घेतला गेला. आज पूर्णिमा दचकली नाही. तिनेही घेतला. आणि इतकं बरं वाटत होतं, इतकं सैल, मोकळं, की गाणारी माणसं मिटतात तसे तिचे डोळे आपोआप मिटले.

दोघी निघाल्या.

हो, दोघी. आता तिला स्पष्ट ऐकू येत होतं. तिच्याच आवाजासारखा आवाज, पण कोवळा, थोडा मागे, तिचा शब्द ऐकून मग आपला टाकणारा. अंगावर सरसरून काटा आला, पण गाणं थांबलं नाही. चढण आली. 'येतोय'. पूर्णिमाने स्वर उचलला, तो वर गेला, आणि वर गेलेला तो आवाज तिचा होता. तिच्या गळ्यातला, तिच्या पोटातून आलेला. ऑपरेशनच्या वणाखाली तो थरथरताना तिला कळत होता. चौदा महिन्यांनी, आपल्या पायांवर चालत परत आलेला.

आणि तेवढ्यात कानाशी दुसरा आवाज फाटला.

टर्रकन. तिचा फाटायचा तसाच, त्याच ठिकाणी. मागून एक बारीक, घाबरलेली उसासल्यासारखी हवा. चुकल्यावर काय वाटतं ते पूर्णिमाला कुणी सांगायला नको होतं. भोवतीचं सगळं जग आपल्याकडे बघतंय असं वाटतं, आणि पळून जावंसं वाटतं.

तिने स्वर सोडला नाही. दुसरीच्या वाटचाही धरून ठेवला, आधी आपल्यासाठी कुणी धरला होता तसाच. छातीतली हवा संपेपर्यंत धरला.

मग तिने डोळे उघडले आणि खाली पाहिलं.

गिटारीच्या मानेवर तिची चार बोटं होती. अंगठा मागे. आणि चार बोटांच्या शेजारी, सगळ्यात बारीक तारेवर, पाचवं बोट. नख कापलेलं. टोकाला तारेचा लाल, ओला वळ उठलेला. नव्याने शिकणाऱ्याची बोटं पहिल्या महिन्यात अशीच होतात. ते फार जोरात दाबत होतं आणि चुकीच्या जागी.

पूर्णिमाला किंकाळी फुटायला हवी होती. ती घशापर्यंत आलीही. पण त्या वळाकडे बघता बघता तिची भीती कुठल्या कुठे विरघळली आणि राहिली ती नुसती कणव. तिने आपली करंगळी अर्धा इंच सरकवली. बाकड्यावर जराशी उजवीकडे झाली. फळी डाव्या टोकाला दबली.

"घे," ती पुटपुटली. साथीदाराला पुढची ओळ देताना म्हणतात तसं.

आणि तिने ओठ मिटून घेतले. हात वाजवत राहिला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग ओळ सुरू झाली. कापरी, अंग चोरत, पण सुरात. समोर डोळे उघडे ठेवून बसलेल्यांनाही आता ती ऐकू येत होती. ती माणसं पूर्णिमाच्या मिटलेल्या ओठांकडे बघत होती, मग हळूहळू एकमेकांकडे बघू लागली. पहिल्या रांगेतल्या बाईंनी शेजारच्याचं मनगट घट्ट धरलं. आणि जे डोळे मिटून ऐकत होते, ते माना डोलवत राहिले.